कपिंग आणि मसाज एकत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडमध्ये आमची दोन खोल्यांची छोटी जागा आहे आणि आम्ही दोघी मिळून ती चालवतो. दिवसाला पाच-सहा फोन तरी कपिंगसाठी येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. वाचायला वेळ नसेल तर निदान "कोणी करून घेऊ नये" एवढं तरी वाचाच, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

कपिंग मसाज म्हणजे नक्की काय करतात?

साध्या मसाजमध्ये आपण वरून दाबतो, चोळतो, रगडतो. कपमध्ये उलटं होतं, कातडीवर कप उपडा लावून आतली हवा काढली की कातडी आणि तिच्या खालचा थर वर ओढला जातो. जुन्या गादीत कापूस गोळा झाला की नुसतं वरून थोपटून भागत नाही, अभ्रा चिमटीत धरून वर उचलून हलवावा लागतो, साधारण तसं समजा. दोन्ही एकत्र केलं की आखडलेला भाग दाबालाही मिळतो आणि ओढीलाही. कप एका जागी ठेवतात त्याला आम्ही नुसतं ठेवणं म्हणतो आणि तेल लावून कप पाठीवरून सरकवतात ते मूव्हिंग कपिंग, मसाजबरोबर करायचं तर हे दुसरं जास्त उपयोगाचं असं माझं मत आहे.

आधी मसाज की आधी कप?

आधी बोलणं. खरंच. पहिल्या वेळी मी पंधरा मिनिटं फक्त विचारते, हात वर करायला लावते, मान वळवायला लावते, कुठे अडकतंय ते बघते. मग हाताने हलका मसाज, म्हणजे अंग गरम होतं आणि कुठे गाठ लागतेय ते बोटांना कळतं. मग तेल लावून कमी ओढीचा कप सरकवायचा, पाठीवर असेल तर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नाही. जिथे फारच घट्ट लागतंय तिथे तीन-चार कप पाचेक मिनिटं ठेवायचे, आणि शेवटी परत हाताने सावकाश चोळून सोडायचं. सगळं मिळून तासभर जातो. काही ठिकाणी आत गेल्या गेल्या पाठभर बारा-पंधरा कप लावून माणसाला एकट्याला सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही.

तेल कुठलं वापरता?

थंडीत तिळाचं, एरवी खोबरेल. डिसेंबरमध्ये पुण्यात सकाळी खोबरेल बाटलीत थिजलेलं असतं म्हणून तीळ बरं पडतं, यापलीकडे त्यात काही गुपित नाही. तेल कमी पडलं तर कप सरकताना कातडी ओरबाडल्यासारखी होते आणि जास्त झालं तर कप धरतच नाही, निसटतो. कुठल्या तेलाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा, घरचं तेल आणलंत तरी चालेल.

दुखतं का?

ओढल्यासारखं वाटतं, पहिल्या मिनिटाला विचित्र वाटतं, मग बहुतेकांना बरं वाटायला लागतं. आग होतेय, टोचतंय, हाताला मुंग्या येतायत किंवा चक्कर येतेय असं झालं तर लगेच सांगायचं, दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही. आपल्याकडे मालिश म्हणजे कळवळलं पाहिजे तरच लागू पडली असा एक समज आहे, तालमीतल्या पैलवानांचं बघून आला असेल, पण कपमध्ये जास्त ओढ म्हणजे जास्त फायदा असं काही नसतं.

ते गोल डाग कशाचे? आणि किती दिवसांनी जातात?

ओढीमुळे कातडीखालच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि थोडं रक्त बाहेर झिरपतं, तेच वरून लाल-जांभळं दिसतं. मग शरीर ते हळूहळू शोषून घेतं तसा रंग पिवळट तपकिरी होत जातो. कुणाचे तीन-चार दिवसांत जातात, कुणाला दोन आठवडे लागतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर कधी कधी लाली गेल्यावरही तपकिरी छटा मागे राहते आणि ती जायला बराच वेळ घेते, हे आधी कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतेय. सरकवत्या कपने डाग खूप कमी पडतात, कधी कधी पडतच नाहीत. घरात लग्न असेल आणि मागे खोल गळ्याचं ब्लाउज शिवलेलं असेल तर हळदीच्या आधी निदान तीन आठवडे कप लावून घेऊ नका. एका नवऱ्या मुलीची आई माझ्याकडे लग्नाला चार दिवस राहिले असताना मुलीला घेऊन आली होती, धावपळीने मान धरली होती तिची, मी फक्त हाताने मसाज करून पाठवलं.

डाग जितका काळा तितकी अंगातली घाण बाहेर आली, खरं का?

नाही. डागाचा रंग ओढ किती होती, कप किती वेळ होता, तुमची कातडी कशी आहे आणि जागा कुठली, यावर ठरतो. अंगातला नको तो कचरा काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात आणि कप काही त्यांचं काम करत नाही. "टॉक्सिन निघाले" असं म्हणून काळे डाग पाडून दाखवणारे लोक आहेत, त्यांनी लोकांच्या पाठी फार खराब केल्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाला वाटतं आपण आतून स्वच्छ झालो आणि तो डॉक्टरकडे जायचा थांबतो.

हे चायनीज आहे ना?

चीनमध्ये खूप चालतं हे खरं, पण आपल्याकडेही जुनंच आहे. तुंबडी लावणे हा शब्द आजी-आजोबांना विचारा, त्यांना माहीत असतो, आता आपण तुंबडी फक्त "स्वतःची तुंबडी भरली" एवढ्यातच वापरतो. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात, वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू म्हणजे दुध्या भोपळ्यासारखं पोकळ फळ, आणि त्या भोपळ्याच्या आत दिवा पेटवून ओढ तयार करायची. आज काचेच्या कपात जाळ फिरवून लावतात त्याचं तत्त्व तेच आहे, गरम हवा गार होताना दाब कमी होतो आणि कप धरतो. इजिप्तमध्ये, ग्रीसमध्ये, अरबांकडेही होतं. आता सगळ्यांना माहीत झालं ते २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमुळे, मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग टीव्हीवर दिसले आणि इकडे फोन सुरू झाले. पण जुनं आहे म्हणून खरंच आहे असा अर्थ काढू नका, त्या काळी प्रत्येक गोष्टीवर रक्त काढायचे.

तुम्ही हिजामा करता का?

नाही. हिजामा म्हणजे वेट कपिंग, त्यात कातडीला बारीक चिरा देऊन रक्त काढतात. तो युनानी पद्धतीचा भाग आहे आणि त्यासाठी नोंदणी असलेले युनानी डॉक्टर असतात, पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये युनानी कॉलेज आणि हॉस्पिटल आहे. ज्यांना करायचंच आहे त्यांनी अशा डॉक्टरांकडेच जावं आणि ब्लेड आणि कप तुमच्यासमोर नवीन फोडतायत ना ते बघावं, कारण रक्त लागलेलं सामान परत वापरलं तर हिपॅटायटीस बी आणि सी पसरू शकतो. सलूनमध्ये, जिममध्ये, कुणाच्या तरी हॉलमध्ये चिरा देऊन घेऊ नका. वारंवार रक्त काढून अॅनिमिया झाल्याचीही उदाहरणं आहेत आणि आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं.

खरंच उपयोग होतो की मनाचे खेळ?

मी रोज करते तरी मला सरळ सांगावं लागेल की पुरावा अजून कच्चा आहे. मान आणि कंबरदुखीत काही काळ आराम पडतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं पण अभ्यास छोटे असतात आणि खरा कप लावलाय की खोटा हे माणसापासून लपवणं फार अवघड आहे. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराच्या, रुग्णांवर २०१६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात नेहमीच्या उपचारापेक्षा कपिंगने बरं वाटलं, पण ज्यांना भोक पाडलेले, ओढ न धरणारे खोटे कप लावले त्यांनाही जवळजवळ तेवढंच बरं वाटलं. तिथलाच २०१३ चा दुसरा अभ्यास कपिंग मसाजचा आहे, मान दुखणाऱ्यांच्या घरच्या माणसाला कप सरकवायला शिकवलं आणि १२ आठवडे घरीच करायला लावलं, तर दुखणं कमी होण्यात स्नायू सैल सोडायच्या व्यायामापेक्षा फरक पडला नाही, पण एकूण बरं वाटण्यात कपिंगवाले थोडे पुढे होते.

मग मी का करते? कारण माझ्या अनुभवात आखडलेली पाठ त्या दोन-तीन दिवसांपुरती मोकळी होते आणि त्या मोकळ्या दिवसांत माणूस व्यायाम करायला तयार होतो. दुखत असताना कोणी हात वर करत नाही. मला ते दोन-तीन दिवस हवे असतात, दुखणं मुळापासून जाईल ते व्यायामाने आणि बसायची पद्धत बदलल्याने.

कोणी करून घेऊ नये?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच कोणी विचारत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कप नाही. वॉरफेरिन, अॅसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, आणि हो, इकोस्प्रिनसुद्धा सांगायची, "ती तर छोटी गोळी आहे" म्हणून सोडून द्यायची नाही. आणि कप लावायचा म्हणून गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करायची नाही, स्टेंट घातलेल्या माणसाने असं केलं तर जिवावर बेतू शकतं. मागे एक आजोबा आले होते, सत्तरीचे, सूनबाईंनी आणलं होतं, मी तीनदा विचारलं गोळ्या कुठल्या, दर वेळी "काही नाही, बीपीची एक" एवढंच, मग शर्ट काढल्यावर दंडावर मोठे काळेनिळे डाग दिसले आणि विचारल्यावर कळलं की बायपास झालीय आणि दोन गोळ्या चालू आहेत. त्यांना वाटलं सांगितलं तर मी नाही म्हणेन. बरोबरच वाटलं त्यांना, मी नाहीच म्हटलं, पण खांद्याचे साधे व्यायाम शिकवले आणि गरम पाण्याची पिशवी कशी घ्यायची ते सांगितलं, आणि त्यांचा हात महिन्याभरात बराच वर जायला लागला. म्हणजे कप नाही मिळाला तरी तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही, एवढा विश्वास ठेवा.

रक्त न गोठण्याचा आजार, प्लेटलेट कमी, तोही नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पोटरी एकाच पायाची सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे कपही नाही आणि मसाजही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. व्हेरिकोज व्हेन्सवर म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांवर, जखमेवर, उन्हाने भाजलेल्या कातडीवर नाही. एक्झिमा किंवा सोरायसिस असेल तर कपने तो वाढू शकतो, सोरायसिसमध्ये तर जिथे कातडीला इजा तिथे नवीन चट्टा उठतो. मानेच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ आणि डोक्यावर आम्ही कधीच लावत नाही.

शुगर आहे, बीपी आहे, चालेल का?

शुगर नीट आटोक्यात आहे आणि पाय बधीर नाहीत तर पाठीवर हलका कप चालतो. तळपायाला स्पर्श कळत नसेल तर पायाला नाही, कारण दुखतंय हे तुम्हाला कळणारच नाही आणि फोड आला तर भरायला वेळ लागतो. बीपी वाढलेलं असेल त्या दिवशी नाही, आम्ही मोजूनच सुरू करतो.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर?

गरोदर असताना आम्ही कप लावत नाही, पोट आणि कंबर तर नाहीच नाही. बाळंतपणानंतर मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांची मालिश चालू राहू दे, कपची घाई काय आहे. सिझेरियन असेल तर टाके पूर्ण भरल्यावर तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच पाठीचं बघू, बाळाला पाजताना मान आणि खांदे खूप भरून येतात हे मला माहितीये, तोवर पाजताना हाताखाली उशी घ्या.

ताप येऊन गेलाय, अंग अजून दुखतंय, येऊ का?

पावसाळ्यात हा फोन हमखास येतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट उतरतात म्हणून ताप गेल्यावरही रिपोर्ट नॉर्मल आल्याशिवाय कप नाही. चिकुनगुनियानंतर सांधे कितीतरी महिने दुखतात, २०२४ च्या पावसाळ्यात तर पुण्यात अशी खूप माणसं बघितली, पण सुजलेल्या सांध्यावर कप लावून काही मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांची औषधं आणि हळूहळू हालचाल.

स्लिप डिस्क, सायटिका यावर चालतं का?

डिस्क कपने जागेवर जात नाही. आजूबाजूचे स्नायू आखडलेले असतात ते थोडे सैल होतात इतकंच. पायातली ताकद कमी होतेय, पाऊल उचलताना लटकतंय, लघवी-संडासवर ताबा राहत नाहीये किंवा बसायच्या जागी बधीर वाटतंय, यातलं एक जरी असेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

हिंजवडीला जाऊन-येऊन मान गेलीय, किती सिटिंग लागतील?

लॅपटॉप, त्यात दीड तास ट्रॅफिक, त्यात टू-व्हीलरवर पाठीला सॅक आणि स्पीडब्रेकर, मानेचं काय होणार दुसरं. आठवड्यातून एकदा अशा तीन-चार सिटिंग करू आणि बघू. तीनमध्ये काहीच फरक नसेल तर पुढे करत राहण्यात अर्थ नाही, मी स्वतःच थांबवते आणि तपासायला पाठवते. एकाच जागी डाग असताना परत कप लावत नाही. आणि सॅक पाठीवरून काढून समोर पायाशी ठेवा, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा, हे केलं नाही तर मी दर महिन्याला कप लावला तरी मान तिथेच राहणार.

रविवारी सिंहगड चढतो, मॅरेथॉन पळतो, आदल्या दिवशी करून घेऊ का?

आदल्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी तो भाग थोडा हुळहुळा राहतो. पळायच्या आधी चार-पाच दिवस किंवा पळून झाल्यावर दोन दिवसांनी या. पोटऱ्या आणि मांडीची बाहेरची बाजू, तिथे सरकता कप आणि मसाज छान लागू पडतो असं पळणारेच सांगतात. उतरताना गुडघा दुखतोय तर मात्र गुडघ्यावर कप मागू नका, मांडीची ताकद वाढवायला लागेल.

वजन, पोटाची चरबी, चेहरा, केस?

वजन आणि चरबी कपने कमी होत नाही. केसांसाठी डोक्यावर लावत नाही. चेहऱ्याचं आम्ही करत नाही.

ऑनलाइन सिलिकॉनचे कप मिळतात, घरी करू का?

सिलिकॉनचे मऊ कप, हलकी ओढ, भरपूर तेल आणि सरकवत राहायचं, एवढं घरच्या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही, पण वर लिहिलेल्या यादीत तुम्ही बसत नसाल तरच. एकदा येऊन शिकून घ्या, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पंपवाले कप घरी नकोत, किती ओढलं ते कळत नाही. आणि जाळाचे तर अजिबात नकोत, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा, तेल लावलेली पाठ, वर पंखा चालू, यातून भाजल्याच्या घटना होतात. आम्ही जाळ वापरतच नाही.

टायमर लावायला विसरू नका. माझ्या सुरुवातीच्या वर्षात एका काकूंच्या खांद्यावर मी ओढ जास्त ठेवली आणि दुसऱ्या पेशंटशी बोलण्यात वेळ गेला, कप काढला तर खाली पाण्याने भरलेले फोड. पंधरा दिवस ड्रेसिंगला त्यांच्या घरी जात होते मी. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं पण मला अजून आठवलं की वाईट वाटतं, आणि तेव्हापासून टायमर लावल्याशिवाय एकही कप ठेवत नाही आणि खोली सोडत नाही.

झाल्यावर काय काळजी घ्यायची?

त्या दिवशी जिम नको, खूप गरम पाण्याने आंघोळ नको, पोहणं नको, डागावर ऊन नको. डाग चोळायचे नाहीत, बाम लावायचा नाही, खोबरेलाचा हात फिरवला तरी पुरे. पाणी नेहमीसारखं प्या. रिकाम्या पोटी येऊ नका आणि भरपेट जेवूनही नको, हलकं खाऊन दोनेक तासांनी. फोड आला तर फोडू नका, फोटो पाठवा. ताप आला किंवा जागा लाल होऊन ठसठसायला लागली तर डॉक्टरकडे.

जागा चांगली आहे हे कसं ओळखायचं?

तुमच्याकडे न येता दुसरीकडे गेलो तर, असंही लोक विचारतात आणि विचारायलाच हवं. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असते, नंबर विचारला तर राग यायला नको. कप प्रत्येकानंतर धुऊन जंतुनाशकात ठेवतात का, चादर बदलतात का, ते बघा. आणि मुख्य म्हणजे तुमच्या गोळ्या आणि आजार विचारले का? न विचारता कप लावायला घेतले तर तिथून उठून या, पैसे दिलेले असले तरी.

पॅकेज आहे का?

नाही. दर फोनवर सांगते, दर वेळी त्या त्या सिटिंगचे पैसे. दहा सिटिंगचे पैसे आधीच भरले की माणूस गरज नसताना येत राहतो.

बायकांसाठी वेगळी सोय आहे?

आम्ही दोघीच आहोत, पडदा आहे, घरचं माणूस आत बसलं तरी चालतं. लहान मुलांना कप लावत नाही.

येताना काय आणायचं?

सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट. जुने एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही. ढगळ जुना शर्ट किंवा कुर्ता घाला, तेलाचे डाग पडतात. आई-बाबांना पाठवत असाल तर त्यांच्या गोळ्यांची यादी तुम्ही स्वतः मला आधी पाठवा, कारण ते येऊन सांगतात "मला काही नाही".